झाकण नसलेली वस्तू

पूर्वी मोबाइल अडला की आम्ही त्याचे झाकण काढत असू. पाठीमागच्या खाचेत नख घालायचे, झाकण सरकवायचे, बॅटरी बाहेर काढायची, तिच्या पितळी पट्ट्या सदऱ्याच्या टोकाने पुसायच्या, एक फुंकर मारायची आणि पुन्हा बसवायची. फोन सुरू होई. हे आम्हाला कुणी शिकवले नव्हते. ज्याच्या हाती फोन आला त्याला हे आपोआप आले. शाळेची पायरी न चढलेल्या आमच्या अम्मीलाही ते येत होते. दिवाबत्तीचा नोकिया ११०० ती दर महिन्याला उघडून, पुसून, बंद करून ठेवत असे, जशी कंदिलाची काच पुसावी तशी.

मग झाकण गेले. २००७ साली पहिला आयफोन आला तो बंद पाठीचाच. सॅमसंगच्या मुख्य गॅलेक्सी मालिकेत २०१४ च्या फोनची बॅटरी हाताने काढता येत होती, २०१५ च्या फोनची येत नव्हती. पुढे बहुतेक सर्वांनी तोच मार्ग धरला. आता फोनची पाठ गोंदाने चिकटवलेली असते, आतली बॅटरीही गोंदाने चिकटवलेली असते आणि नख घालायला खाच उरलेली नाही. फोन हँग झाला की आपण त्याच्याकडे बघत बसतो. तो मेलेला नसतो, हीच खरी अडचण. पडदा उजळलेला असतो, अंग गरम असते, फक्त तो ऐकत नाही.

अशा अडलेल्या फोनचे काय करावे, हा प्रश्न दिसायला किरकोळ आहे. कोणत्या दोन कळा किती वेळ दाबायच्या एवढे सांगितले की तो संपावा. आम्हालाही तसेच वाटत होते. परंतु आमच्या घरात एका फोनच्या अडण्याने जे प्रश्न उभे केले ते अजून संपलेले नाहीत. वस्तू विकत घेतली म्हणजे ती आपली होते का, हा त्यातला एक. थांबलेले पुन्हा सुरू करणे आणि झालेले पुसून टाकणे यांतला फरक आपल्याला कळतो का, हा दुसरा. या दोन प्रश्नांसाठी हा लेख आहे. त्यासाठी घरची हकीकत सांगणे भाग आहे.

आमचे अब्बा घड्याळजी होते. बाजारपेठेत भांड्यांच्या एका दुकानाच्या पायरीला लागून काचेची पेटी, तिच्यामागे स्टूल, डोळ्याला लावायचे भिंग आणि चिमटे, एवढ्यावर त्यांनी चाळीसहून अधिक वर्षे काढली. पुढे शेजारचा छोटा गाळा घेतला. लोक त्यांना चाचा म्हणत. गिऱ्हाइकाने घड्याळ दिले की ते कागदाच्या पुडीत घालायचे, पुडीवर आकडा टाकायचा आणि वहीत त्या आकड्यापुढे नाव, गाव, बिघाड आणि घेतलेली आगाऊ रक्कम लिहायची, हा त्यांचा शिरस्ता.

२०२१ नंतर त्यांचा हात कापू लागला. घड्याळातला स्क्रू अजून बसे, पण अक्षर वाकडे होई आणि स्वतःचे लिहिलेले स्वतःलाच वाचता येईना. तेव्हा वहीचे काम त्यांनी फोनकडे दिले. पुडीवर आकडा टाकायचे आणि बाकीचे फोनमध्ये बोलून ठेवायचे. “नंबर सतरा. वेशीजवळचे गुरुजी. सेकंद काटा अडतोय. शंभर दिलेत, पन्नास यायचेत.” असे शंभरावर तुकडे त्या फोनमध्ये साठले होते.

२०२३ च्या नोव्हेंबरात अब्बा गेले. गाळ्याच्या खणात एकतीस पुड्या निघाल्या. प्रत्येकीवर फक्त आकडा. नावे सगळी फोनमध्ये.

आपल्याकडे मयताच्या मिळकतीची वारसांत वाटणी होण्याआधी त्याच्या डोक्यावरचे कर्ज फेडावे लागते आणि त्याच्याकडे असलेली लोकांची ठेव परत करावी लागते. हे कुणाला वेगळे सांगावे लागत नाही. त्या एकतीस पुड्या म्हणजे अमानत होती. आणि इथे हेही कबूल केले पाहिजे की आम्हा भावंडांना त्या दिवसांत अमानतीपेक्षा वाटणीचीच आठवण अधिक होत होती. थोरल्याचे म्हणणे गाळा विकावा. धाकट्याचे म्हणणे ठेवावा. बहीण दोघांनाही बरोबर म्हणे, म्हणून दोघेही तिच्यावर नाराज. चाळिसावा व्हायच्या आत आम्ही एका घरात तीन कोपऱ्यांत बसू लागलो होतो. अखेर अम्मीने सांगितले, “आधी लोकांची घड्याळे देऊन या. मग काय भांडायचे ते भांडा.” म्हणून आम्ही फोन हातात घेतला.

आकडे लावायला बसलो आणि तिसऱ्याच तुकड्याला फोन अडला. पडद्यावरची वेळ चार वाजून दहा मिनिटांवर थांबली. खालची निळी रेघ अर्ध्यात थांबली. बोट फिरवावे तर हलत नाही, कळ दाबावी तर विझत नाही.

बाजारात मोबाइल दुरुस्त करणारा एक मुलगा आहे, अब्बांच्या ओळखीचा. त्याने कळ दाबून धरली, दहापर्यंत मोजले, सोडली. पुन्हा एकदा केले. मग म्हणाला, “रीसेट मारावा लागेल. फोन नव्यासारखा होईल.” आत जे आहे त्याचे काय, असे विचारले तेव्हा तो सहज म्हणाला, “ते जाईल ना.” आम्ही फोन परत घेतला. तिथून जिल्ह्याच्या गावी एका अधिकृत दुरुस्ती केंद्रात गेलो. तिथे एक छापील कागद पुढे आला. आतली माहिती गेल्यास आमची जबाबदारी नाही, खाली सही करा. आम्ही सही केली नाही. त्या कागदावर मागितलेली संमती आमच्या हक्काची नव्हतीच. ती एकतीस माणसांच्या वतीने कोण देणार होते?

त्या दिवसभर आम्ही एक गोष्ट मात्र मनापासून केली. फोन विझला तर पुन्हा उठणार नाही या भीतीने आम्ही त्याला जागोजाग चार्जरला लावत राहिलो. दुकानात लावला, केंद्रातल्या बाकाशेजारी लावला, घरी आल्याबरोबर लावला. त्या भीतीचा अर्थ रात्री कळला.

आमची भाची तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकते. तिने फोन हातात घेऊन आधी चार्जर काढला. म्हणाली, “मामू, तुम्ही याला जेवू घालत बसला नसता तर हा एव्हाना आपोआप विझला असता आणि मग चार्ज करून पुन्हा उठला असता. बॅटरी बाहेर काढणे म्हणजे तरी दुसरे काय होते? त्याचे अन्न तोडणे.” मग तिने आवाज कमी करायची कळ आणि चालू-बंदची कळ एकदम दाबून धरली. दहा झाले, पंधरा झाले. आम्ही म्हणालो, सोड, मुलाने केले होते हे. तिने सोडले नाही. विसाच्या पुढे कधीतरी पडदा काळा झाला. घरात कुणी बोलेना. फोन थरथरला आणि पडद्यावर कंपनीचे नाव उमटले.

हे कसे घडते ते तिने समजावून सांगितले, आणि या लेखाचा पाया तेच आहे. आपण चालू-बंदची कळ थोडा वेळ दाबतो तेव्हा ती एक विनंती असते. ती फोनमधल्या मुख्य प्रणालीकडे जाते. प्रणाली शहाणी असेल तर ती विचारते, बंद करू की पुन्हा सुरू करू. पण अडलेल्या फोनमध्ये विनंती ऐकणारेच अडलेले असते. अर्ज पोहोचतो, पण वाचणारा नसतो. म्हणून बनवणाऱ्यांनी एक वेगळी वाट ठेवलेली असते. ही कळ विजेचा कारभार बघणाऱ्या एका छोट्या चिपलाही जोडलेली असते. ती चिप प्रणालीला काही विचारत नाही. ती फक्त वेळ मोजते. ठरलेल्या वेळेपर्यंत कळ दाबलेली राहिली की ती पुरवठा तोडून पुन्हा जोडते. दहा सेकंदांनी सोडले तर तिच्या लेखी काहीच घडलेले नसते.

ही ठरलेली वेळ आणि कळांची जोडी फोनागणिक बदलते. सॅमसंगच्या बऱ्याच फोनमध्ये आवाज कमी करण्याची आणि बाजूची कळ मिळून सात सेकंदांहून अधिक दाबावी लागते. गुगलच्या पिक्सेलमध्ये चालू-बंदची एकच कळ तीस सेकंदांपर्यंत धरावी लागते. आयफोन ८ पासून पुढे आवाज वाढवण्याची कळ दाबून लगेच सोडायची, मग कमी करण्याची तशीच, आणि मग बाजूची कळ सफरचंद उमटेपर्यंत धरून ठेवायची. या सगळ्यात आतले फोटो, संदेश, आवाज जात नाहीत. जाते ते फक्त अडण्याच्या क्षणी चालू असलेले आणि न साठवलेले काम.

भाचीने एक इशाराही दिला. काही फोनमध्ये आवाज कमी करण्याऐवजी वाढवण्याची कळ धरली गेली तर काळ्या पडद्यावर एक यादी येते. त्या यादीत फोन पुन्हा सुरू करण्याची ओळ असते आणि सारे पुसून टाकण्याचीही. दोन्ही एकाच अक्षरात, एकाच रंगात, दोन-चार ओळींच्या अंतराने. तिथे बोट चालत नाही. आवाजाच्या कळेने खालीवर जायचे आणि चालू-बंदच्या कळेने निवडायचे. घाईत एक पायरी जास्त उतरली की माणसाचे सगळे जाते. आणि बाजारात या दोन्ही गोष्टींना लोक एकाच शब्दाने ओळखतात, रीसेट.

आमच्या मते खरा धोका या एका शब्दात आहे. पुन्हा सुरू करणे म्हणजे थांबलेल्याला थांबवून, त्याची आठवण शाबूत ठेवून, पहिल्या पावलापासून चालायला लावणे. पुसून टाकणे म्हणजे कारखान्यातून निघाला तसा करून सोडणे. पहिल्यात वस्तू तीच राहते. दुसऱ्यात वस्तू राहते, पण ती कुणाची होती ते राहत नाही. दुरुस्ती करणाऱ्याला दुसरे सोपे जाते, कारण त्यात खात्री आहे. त्या मुलाला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला कुणी माहितीपुस्तक दिलेले नाही, सुटे भाग वेळेवर मिळत नाहीत, आणि गिऱ्हाईक समोर उभे राहून घड्याळ बघत असते. त्याने खात्रीचा मार्ग धरला. परंतु ज्याची आठवण आत आहे त्याने तरी खात्रीच्या मोहात पडू नये.

माणसांच्या बाबतीतही आपण हाच घोळ घालतो, असे आता वाटते. घर अडले की कुणी म्हणतो, सगळे विकून मोकळे व्हा. संस्था अडली की कुणी म्हणतो, बरखास्त करा आणि नव्या नावाने काढा. आपल्या समाजाला तर हा सल्ला दोन्ही बाजूंनी मिळतो. एक सांगतो, तुमची जुनी आठवण हीच तुमची अडचण, ती पुसा. दुसरा सांगतो, मधल्या चारपाचशे वर्षांत इथल्या मातीने जे दिले, भाषा, जत्रा, ओव्या, शेजार, ते पुसा आणि मूळ कारखान्यातल्यासारखे व्हा. दोघेही पुसण्याचीच भाषा बोलतात. आठवण ठेवून पुन्हा सुरू होता येते, हे दोघांच्याही यादीत नाही. मराठीतून लिहिणाऱ्या आणि घरी दखनी किंवा कोकणी बोलणाऱ्या आपल्यासारख्यांना हे जास्त समजायला हवे. आपण तर पुसले न गेलेल्यांचीच लेकरे आहोत.

तरीही पुन्हा सुरू करण्याचेही फार कौतुक करू नये. ती दुरुस्ती नव्हे. फोन महिन्यातून एकदा अडला तर कळ धरावी. रोज अडत असेल तर आत जागा भरली आहे, एखादे ॲप बिघडले आहे, किंवा बॅटरी थकली आहे, असे समजावे. बॅटरी फुगून पडदा वर आला असेल तर कळ धरण्याचा प्रश्नच नाही. तो फोन चार्जही करू नये. आणि हवेच्या किंवा मायक्रोफोनच्या भोकात टाचणी घालून रीसेटची कळ शोधत बसू नये, तिथे ती नसते. घरातल्या भांडणालाही हे लागू आहे. रोज रात्री माफी मागून रोज सकाळी तेच करणारा माणूस फक्त कळ दाबत असतो.

आता पहिल्या प्रश्नाकडे येऊ. फोन अब्बांनी रोख पैसे देऊन घेतला होता. पावती होती. तरी त्याची पाठ उघडण्याचा अधिकार व्यवहारात त्यांना नव्हता, आम्हालाही नव्हता. पाठ उघडायची तर गोंद तापवायला यंत्र हवे, पातळ पात्या हव्यात, आणि बॅटरीला टोक लागले तर आग लागण्याची भीती. कंपन्यांची बाजू आहे, ती ऐकली पाहिजे. बंद पाठीमुळे फोन पातळ होतो, पाणी आत जात नाही, बॅटरीला जाड कवच लागत नाही, बाजारातली बनावट बॅटरी कुणी आत घालत नाही. यात तथ्य आहे. परंतु पुरते तथ्य नाही. ज्या २०१४ च्या गॅलेक्सी एस ५ ची बॅटरी हाताने निघत होती तो फोन पाण्यात बुडूनही टिकेल असाच बनवलेला होता. २०२२ मध्ये त्याच कंपनीने कामगारांसाठी काढलेल्या एक्सकव्हर ६ प्रो या फोनचीही बॅटरी निघते आणि त्यालाही पाण्यापासून संरक्षण आहे. म्हणजे हे जमत नाही असे नाही. ते बहुतेकांना द्यायचे नाही, एवढेच.

लिथियमची बॅटरी ही झिजणारी वस्तू आहे. पाचेकशे वेळा पूर्ण भरून रिकामी झाली की अनेक फोनच्या बॅटरीची ताकद चार पंचमांशावर येते. झिजणारी वस्तू न झिजणाऱ्या वस्तूच्या आत कायमची बंद केली की न झिजणाऱ्याचेही आयुष्य तेवढेच होते. कंदिलाची वात संपली म्हणून कंदील टाकण्यासारखे हे आहे. उत्पादकांनी वस्तूचे आयुष्य ठरवून तोडल्याचा इतिहास जुना आहे. १९२४ मध्ये बल्ब बनवणाऱ्या जगातल्या बड्या कंपन्यांनी एकत्र येऊन बल्ब एक हजार तासांहून जास्त जळू नये असे ठरवले होते आणि जास्त जळणारा बल्ब बनवणाऱ्याला दंड लावला होता. फोनच्या बाबतीत असा करार झाला असे आम्ही म्हणत नाही. पण २०१७ च्या डिसेंबरात ॲपलला कबूल करावे लागले की थकलेल्या बॅटरीचे जुने आयफोन त्यांनी प्रणाली बदलताना संथ केले होते. फोन अचानक बंद पडू नये म्हणून तसे केले, हे त्यांचे कारण खोटे नसेल. पण गिऱ्हाइकाला ते सांगितले नव्हते. अनेकांनी बॅटरी बदलून भागले असते तिथे फोन बदलला. न सांगितल्याबद्दल फ्रान्समध्ये २०२० साली त्या कंपनीला अडीच कोटी युरोंचा दंड झाला. नैतिक दोष कुठे होता ते यावरून स्पष्ट होते. तो संथ करण्यात नव्हता, लपवण्यात होता.

आता कायदे बदलत आहेत. युरोपीय संघाने २०२३ मध्ये केलेल्या नियमानुसार छोट्या उपकरणांतली बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता व बदलता आली पाहिजे. काही सवलती ठेवून तो नियम १८ फेब्रुवारी २०२७ ही तारीख धरून लागू करायचा ठरला. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ च्या जुलैत दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली. हे चांगलेच आहे. मात्र कायद्याने झाकण परत मिळेल. झाकण उघडायची सवय परत मिळेलच असे नाही. ती आपण स्वतः हरवली आहे.

अब्बा एक गोष्ट सांगत. ती घड्याळाची होती, पण आता ती सगळ्याच वस्तूंना लागू पडते. एचएमटीचे जनता घड्याळ त्यांच्या हाताखालून शेकड्यांनी गेले असेल. एचएमटीची घड्याळे बनवणारी सरकारी कंपनी बंद करण्याचा निर्णय २०१६ मध्ये झाला. बनवणारा गेला. पण घड्याळे चालू राहिली, कारण त्यांची पाठ उघडत होती आणि ती उघडणारे लोक गावोगाव होते. अब्बा म्हणत, ज्याची पाठ उघडते ते कारखान्यापेक्षा जास्त जगते. त्यांनीच शेवटी आपली सारी वही न उघडणाऱ्या वस्तूत ठेवावी, ही त्यांची चूक म्हणायची की आमची? आम्ही तिघे लिहिणारे घरात होतो. संध्याकाळी पाच मिनिटे त्यांच्याजवळ बसून पाच नावे वहीत लिहायला कुणालाच सवड झाली नाही. फोन आहे ना, असे आम्हीच त्यांना सांगितले होते.

फोन सुरू झाल्यावर त्याने पहिल्यांदा चार आकडी खूण मागितली. असे पुन्हा उठल्यावर अंगठ्याचा ठसा चालत नाही. खूण दिल्याशिवाय आतले काही उघडत नाही. गोंद काढून, पाठ फोडून चिप बाहेर काढली तरी वाचता येत नाही. म्हणजे त्या रात्री सारे काही एका आकड्यावर येऊन ठेपले. अम्मीला तो ठाऊक होता. अब्बांनी बाजारात पेटी मांडली ते साल.

मग आम्ही तिघे आणि भाची पहाटेपर्यंत बसलो. तिने आधी सगळे तुकडे तीन ठिकाणी उतरवून घेतले, मग ऐकायला सुरुवात केली. थोरल्याने वही धरली. धाकट्याने पुड्या लावल्या. अब्बांचा आवाज खोलीत येत होता, मध्येच खोकत, मध्येच कुणा गिऱ्हाइकाला बसा म्हणत. गाळ्याचा विषय कुणी काढला नाही. त्या रात्री आम्ही एकमेकांना वाट्याबद्दल विचारले नाही, आकड्याबद्दल विचारले. आता विचार करता असे वाटते की आमच्या भांडणालाही आम्ही दिवसभर चार्जरला लावून ठेवले होते. त्याला कुणी विनवून थांबवू शकले नसते, कारण ऐकणारेच अडलेले होते. अम्मीने आमच्याशी वाद घातला नाही. तिने फक्त लोकांच्या घड्याळांचे नाव काढले आणि ते धरून ठेवले. माणसाच्या आत, त्याच्या रागाला न विचारता चालणारी अशी एखादी कळ असली पाहिजे. कर्ज, ठेव, शब्द, शेजारी, ज्याला जी सापडेल ती. आणि ती धरणाऱ्याने दहावर सोडू नये.

एकतीसपैकी सत्तावीस पुड्यांचे मालक सापडले. सहा महिने लागले. वेशीजवळच्या गुरुजींनी पन्नास रुपये दिले, आम्ही नको म्हणालो तरी दिले. म्हणाले, चाचांनी बोलून ठेवले आहे ना, मग द्यायलाच हवेत. एका बाईंनी नवऱ्याचे घड्याळ कानाला लावले आणि काही न बोलता निघून गेल्या. गाळा अजून विकलेला नाही. विकायचा की नाही हे ठरलेलेही नाही, पण आता त्यावर एकत्र बसून बोलता येते.

चार पुड्या राहिल्या आहेत. एकोणतीस ते बत्तीस. मधला तीस आकडा अब्बांनी चुकून दोनदा टाकला होता की त्यांनी एखादा तुकडा बोलायचाच ठेवला, हे कळायला मार्ग नाही. त्या चार घड्याळांतली दोन चावीची आहेत. धाकटा रविवारी गाळा उघडतो तेव्हा त्यांना चावी देतो. कुणी मालक आला तर घड्याळ चालू असावे, एवढ्यासाठी. वही पेटीवर उघडी असते, आणि नवीन घड्याळ आलेच तर नाव तिच्यात पेनने लिहिले जाते.